फाटक, भोंगा आणि लाल त्रिकोण

शिकाऊ परवान्याची परीक्षा जवळ आली की बडोद्याच्या वासणा रस्त्यावरच्या सोसायट्यांमधली मुलं मोबाइलवर वाहतूक चिन्हांचा तक्ता उघडून बसतात. घर मराठी असलं तरी तक्ता बहुधा गुजराती असतो, आणि त्याने फारसं बिघडत नाही, कारण खरी परीक्षा चित्रांची असते. मग वडीलधाऱ्यांचा ठरलेला शेरा येतो: चित्र बघून कळतं, त्यात पाठ काय करायचं? या शेऱ्यामागे एक जुना समज आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही चिन्हं निघाली, तेव्हा ती न शिकताच कळायला हवीत, असा तो समज. चिन्हांचं कूळ शोधत गेलं तर तो टिकत नाही. ही चिन्हं निरक्षरासाठी नव्हे, परक्यासाठी निघाली. सगळ्या परक्यांना चालेल अशी खूण बैठकीत ठरवावी लागते, आणि जे ठरवलेलं असतं ते घरच्यालाही शिकावंच लागतं.

रस्त्यावर इशारे लावायची हौस आधी सायकलवाल्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये सायकलस्वारांच्या संघांनी तीव्र उतारांच्या माथ्यावर धोक्याचे फलक लावले, पण ते शब्दांत होते. मोटार सरहद्दी ओलांडू लागली तेव्हा शब्द अडले. फ्रान्समधून इटलीत उतरणारा मोटारवाला चांगला शिकलेला, पैसेवाला गृहस्थ असे. त्याला वाचता येत होतं, फक्त इटालियन येत नव्हतं. १९०९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय करारात चारच चिन्हं मान्य झाली: रस्त्यातला उंचसखलपणा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. १९३१ च्या जिनिव्हा कराराने धोका, आदेश आणि माहिती असे तीन वर्ग पाडले. १९६८ मध्ये व्हिएन्नात त्याची मोठी आवृत्ती निघाली, तिला भारत १९८० मध्ये सामील झाला. आपल्या तक्त्यातले आदेशात्मक, सावधगिरीचे आणि माहितीदर्शक हे तीन रकाने याच घराण्यातले.

भारतात मात्र हे सगळं ब्रिटनच्या वळणाने आलं. तिथे १९०४ पासूनच पोकळ लाल त्रिकोण म्हणजे सावधान, असं ठरलं होतं. धोका कसला, ते त्रिकोणाखालच्या वेगळ्या पाटीवर असे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने चिन्हांना नवव्या अनुसूचीत जागा दिली आणि त्याच कायद्याने चालकाच्या परीक्षेत त्यांचे अर्थ विचारायची तरतूद केली. म्हणजे चिन्हं आणि परीक्षा एकाच कायद्यात शेजारी बसली होती. परीक्षा हे मागाहून चिकटवलेलं सरकारी लोढणं नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा बडोदे संस्थानाला आपोआप लागू नव्हता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो वेगळेपणा संपला. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्येच संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं, तेव्हा प्रश्न केवळ निरक्षरतेचा नव्हता. अडचण निराळी होती: राजघराणं मराठी, बाजार गुजराती आणि रेल्वेचा कारभार इंग्रजी. अशा शहरात पाटी कोणत्या लिपीत लिहायची, हा वाद चित्राने परस्पर मिटवला.

आता चित्र बघून कळतं, या दाव्याची परीक्षा घेऊ. तक्त्यात भोंग्याचं चित्र दोनदा येतं. लाल कड्यात तिरक्या रेघेने छेदलेला भोंगा म्हणजे हॉर्न वाजवण्यास मनाई; निळ्या गोलातला तोच भोंगा म्हणजे हॉर्न वाजवणं सक्तीचं. (दुसरी आज्ञा आपल्याकडे पाटी नसतानाही मनोभावे पाळली जाते.) चित्र एक आणि हुकूम उलटे, कारण हुकूम रंगात आणि चौकटीत आहे. अष्टकोन थांबण्यासाठी आणि उलटा त्रिकोण दुसऱ्याला आधी जाऊ देण्यासाठी राखून ठेवला, तोही याच हिशेबाने: पाटी धुळीने माखली किंवा मागच्या बाजूने दिसली तरी आकार ओळखू यावा. रेल्वे फाटकाची जोडी तर अंदाजाने वाचणाऱ्याला हमखास फसवते. त्रिकोणात कठडा असेल तर पुढच्या फाटकावर माणूस आहे. वाफेचं इंजिन असेल तर नाही. नवखा माणूस इंजिन पाहून गाडी येतेय म्हणेल आणि कठडा पाहून रस्ता बंद म्हणेल. दोन्ही अंदाज समंजस आहेत आणि दोन्ही चूक.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. परीक्षेत चित्राचं नाव विचारतात, वागणूक विचारत नाहीत. मुलं चार पर्यायांतलं नाव घोकतात आणि गाडी चालवताना विसरतात. हे बरंचसं खरं आहे. पण दोष चिन्हं शिकवण्यात नाही, सुटी सुटी शिकवण्यात आहे. लाल कडं मना करतं, निळा गोल भाग पाडतो, त्रिकोण सावध करतो, चौकोन माहिती देतो, एवढं आधी कळलं तर निम्मं घोकणं आपोआप वाचतं. कायदा स्वतः नावापाशी थांबत नाहीच. १९८८ च्या कायद्याचं १३१ वं कलम सांगतं, की मानवरहित फाटकाशी गाडी थांबवायची, वाहक किंवा क्लीनरने पायी पुढे जाऊन दोन्हीकडून आगगाडी येत नाही हे पाहायचं आणि मग वाहन पलीकडे न्यायचं. बरोबर कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं.

इंजिनाचं चित्र आता कालबाह्य झालं, असंही म्हणतात. वाफेची इंजिनं रोजच्या रुळांवरून गेली हे खरं. पण विजेचं इंजिन काढलं तर लांबून नुसता डबा दिसतो. धुराडं असलेलं इंजिन कुणीही ओळखतं, आणि एकदा रुळलेली खूण बदलली की जुने आणि नवे चालक दोन वेगळ्या लिप्या वाचू लागतात.   चित्राचंच नव्हे, फाटकाचंही तसंच: ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपल्याचं रेल्वेने जाहीर केलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११ व्या नियमात मात्र शिकाऊ उमेदवाराला मानवरहित फाटक ओलांडताना काय काळजी घ्यायची हे आजही विचारायचं आहे, आणि ते ठीकच आहे: ती घोषणा ब्रॉडगेजपुरती होती, आणि कारखान्यांच्या खासगी रुळांवर रस्ता आडवा आला की १३१ वं कलम तितकंच लागू पडतं.