३५ कार्षापणांचें एक सुवर्ण : नाशिक लेखांतील दर व धातुगुणांचीं साधनें

नाशिकच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचे जे लेख आहेत, त्यांतील दानाच्या नोंदींचा लेख अभ्यासकांस सुपरिचित आहे. देवब्राह्मणांस ७०,००० कार्षापण दिल्याचें सांगून, ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या दरानें त्यांचीं २,००० सुवर्णें होतात, असा हिशेबही त्यांत दिला आहे. यावरून त्या काळीं सोन्याचें रुप्याशीं मूल्यप्रमाण काय होतें, हें काढण्याचा मोह कोणासही होईल. मात्र लेख नाण्यांची संख्या सांगतो. वजन सांगत नाहीं आणि कसही सांगत नाहीं. अडचण आहे ती येथेंच.

स्मृतिग्रंथांतील मानें घेतलीं, तर सुवर्ण ८० गुंजांचें व रुप्याचें धरण ३२ गुंजांचें. मग ३५ × ३२ = १,१२० गुंजा रुपें ८० गुंजा सोन्याबरोबर, म्हणजे प्रमाण १४ पट. उलट सुवर्ण म्हणजे कुशाणांचें सुमारें ८ ग्रॅम वजनाचें सोन्याचें नाणें व कार्षापण म्हणजे नहपानाचें सुमारें २ ग्रॅमचें नाणें असें मानलें, तर प्रमाण ९ पटीहूनही खालीं येतें. एकाच शिलालेखांतून इतकीं भिन्न उत्तरें निघावींत, हें नुसत्या अक्षरवाचनानें मिटणारें नव्हे. धातूचे गुणच पाहिले पाहिजेत.

अशा गुणांची नोंद आपल्याकडे कोठें सांपडते? पहिलें साधन कौटिलीय अर्थशास्त्र. त्यांतील लक्षणाध्यक्षाच्या प्रकरणाप्रमाणें १६ माषांच्या रुप्याच्या नाण्यांत ४ माष तांबें व १ माष तीक्ष्ण, त्रपु, सीस किंवा अंजन यांपैकीं एक. शुद्ध रुपें ११ माषच राहिलें. हा कस वरच्या पहिल्या हिशेबास लावला, कीं १४ चे ९.६ होतात! दोन परस्परविरुद्ध दिसणारीं मतें केवळ भेसळीचा विचार केल्यानें जवळ जवळ एकाच ठिकाणीं येऊन पोंचतात. अर्थात् नाशिक लेखांतील कार्षापण कौटिल्याच्या नियमानेंच पाडले होते असें यावरून मुळींच सिद्ध होत नाहीं. परंतु १४ हा आंकडा निःशंकपणें देणाऱ्यानें आधीं हा विचार केला पाहिजे.

कसोटीच्या प्रकरणांत कौटिल्य लबाडीचेही प्रकार देतो. गोमूत्रांत भिजविलेल्या कासीसानें माखलेल्या हाताचा स्पर्श झाल्यास सोन्याचा रंग पांढरा पडतो, असें तो सांगतो. हें ज्ञान पुस्तकी नव्हे, पेढीवरचें आहे. मात्र त्याच्या परिभाषेंत एक खांच आहे. एका सुवर्णांत तांबें एकेक काकणीनें वाढवीत ४ माषांपर्यंत नेलें, म्हणजे त्याचे सोळा वर्णक होतात; चार काकणींचा एक माष, म्हणून प्रत्येक पायरी चौसष्टांशाची. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (शके १०७२) मात्र १६ वर्ण म्हणजे पूर्ण शुद्ध सोनें व प्रत्येक वर्ण सोळांशाचा. तेथील उदाहरणांत १३, १२, ११ व १० वर्णांचें सोनें अनुक्रमें १०, ४, २ व ४ माष एकत्र आटविलें, तर २० माषांचा वर्ण १२ येतो. शोधून १६ माष उरलें तर १५. शब्दाच्या साम्यावरून दोन्हीं मानें एक समजल्यास तिप्पट-चौपट चूक होईल. संस्कृतज्ञांनीं तरी येथें सावध असावें.

दुसरें साधन जलतोलनाचें. शुद्ध रुप्याची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, ११ भाग रुपें व ५ भाग तांबें यांच्या मिश्रणाची सुमारें ९.९६. घनतेचे हे आंकडे लांडोल्ट व बर्नष्टाइन यांच्या १८८३ सालीं प्रथम निघालेल्या कोष्टकांसारख्या ग्रंथांतून मिळतात; पण घेतांना उष्णमान कोणतें व धातु ओतीव कीं ठोकीव, हें पाहावें लागतें. शिवाय २ ग्रॅमचें नाणें पाण्यांत तोललें असतां शुद्ध रुप्याचें ०.१९१ व वरील मिश्रणाचें ०.२०१ ग्रॅम घटतें. अंतर अवघें एक शतांश ग्रॅम! नाण्यास चिकटलेला हवेचा एक बुडबुडाही निकाल बिघडवूं शकतो. शिशाची घनता ११.३४, म्हणजे रुप्याहून अधिक. तेव्हां तांब्याबरोबर थोडें शिसें घातलेलें नाणें पाण्यांत चांगलें ठरतें. क्ष-किरणांची अलीकडील परीक्षा नाणें न दुखवितां धातु ओळखते, पण ती पृष्ठभागाचीच. आणि जमिनींत पुरलेल्या नाण्याच्या पृष्ठावरून तांबें झिजून गेल्यानें तेथें रुपें वास्तविकाहून जास्त दिसतें.

सामग्री मात्र नाशिक जिल्ह्यांतच निघाली आहे. १९०६ सालीं जोगलटेंभी येथें नहपानाचीं १३,२५० वर नाणीं सांपडलीं व त्यांपैकीं ९,२७० वर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारला होता. यांचा उपयोग आजवर राजवंशांचा क्रम लावण्यासाठींच विशेष झाला. दोन्हीं प्रकारचीं थोडीं थोडीं नाणीं घेऊन त्यांचें हवेंतील वजन, पाण्यांतील घट व पृष्ठपरीक्षा अशा तीन नोंदी एकाच कोष्टकांत झाल्या पाहिजेत. अंजनेरी येथें १९८० सालीं नाणकशास्त्राची संशोधनसंस्था स्थापन झाली, तेव्हां अशा कामास नाशिकाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. अनेकदां हाताळलेलीं, घांसून चकाकविलेलीं नाणीं मात्र या मोजणींतून प्रथमच वगळावींत.