मॅग्नम काडतूस : निवड, भरणी आणि बालाघाटचे रान

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्रातील गोंदिया जिल्ह्याला लागून बालाघाट जिल्हा आहे. एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेला हा मुलूख पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांतात सामील झाला. मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार बालाघाटच्या बैहर भागात येते. वाघ, गवा आणि बारशिंगा यांच्या मागावर शिकारी येथे पिढ्यानपिढ्या येत राहिले. मोठ्या जनावरासाठी कोणते काडतूस निवडावे आणि ते कसे भरावे, हा त्यांच्या लेखी जीवनमरणाचा प्रश्न होता. आज येथे शिकारीला पूर्ण बंदी आहे. तरीही या प्रश्नाचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे. काडतूस जितके मोठे तितकी शिकार हमखास, हा समज तेव्हाही चुकीचा होता. आणि त्या चुकीची किंमत पुष्कळदा जखमी जनावराने आणि त्याचा माग काढणाऱ्या गोंड-बैगांनी मोजली.

मॅग्नम म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी कवच, त्याच्या बुडाशी बसवलेली स्फोटक टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. 'मॅग्नम' हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ 'मोठा'. मद्याच्या मोठ्या बाटलीचे हे नाव इंग्रज बंदूककारांनी उचलले आणि नेहमीपेक्षा अधिक दारू मावणाऱ्या काडतुसाला दिले. नावातील आकडा साधारणतः इंचाच्या दशांशात व्यास सांगतो. गोळी व दारू यांचे वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. ७,००० ग्रेन म्हणजे १ पौंड.

ठासणीपासून कॉर्डाइटपर्यंत

काडतुसे येण्यापूर्वी ठासणीच्या बंदुका होत्या आणि भरणी सर्वस्वी शिकाऱ्याच्या हाती होती. मध्य प्रांतात वन व जमाबंदी खात्यांत काम केलेले कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी १८६०च्या दशकात शिकारी रायफल व तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रुंद नळी, तिच्या आतील आट्यांना अगदी कमी पीळ, शिशाची गोल गोळी आणि भरपूर दारू, असे त्यांचे सूत्र होते. झाडीतील नेम जवळचा असतो. गोळी वेगाने सरळ गेली, तर अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही, असा त्यामागचा विचार होता. मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १८७१ साली प्रकाशित झाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे काडतुशी 'एक्सप्रेस' रायफली आल्या. त्यांच्या हलक्या, टोकाशी पोकळ असलेल्या गोळ्या हरणासारख्या जनावरावर परिणामकारक ठरल्या. मात्र गव्याच्या जाड खांद्यावर त्या वरच्यावर फुटत. १८९८ मध्ये जॉन रिग्बी यांनी धूरविरहित कॉर्डाइट दारूवर चालणारे .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस आणले आणि अवजड बंदुकांचे युग ओसरू लागले. परंतु १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या शस्त्रांची आयात थांबवली. या व्यासाच्या गोळ्या काढून जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांसाठी वापरल्या जातील, अशी धास्ती त्यामागे होती. परिणामी बंदूककारांनी .४६५, .४७० असे नवे व्यास काढले. हिंदुस्थानी बाजारपेठेसाठी इंग्लंडमधील कारखान्यांना आपली मापे बदलावी लागली.

१९१२ मध्ये .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम आले. ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी ते सेकंदाला सुमारे २,५०० फूट वेगाने फेकते. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी आजही हेच किमान माप मानले जाते.

निवडीचे निकष

पहिला निकष जनावर. मोठा नर वाघ दोनशे किलोंच्या आसपास भरतो; त्याची कातडी मऊ आणि हाडे तुलनेने हलकी असतात. पूर्ण वाढलेला नर गवा आठशे किलोंच्याही पुढे जातो. त्यामुळे वाघासाठी आत शिरून फुलणारी 'सॉफ्ट नोज' गोळी, तर गव्यासाठी हाड भेदून सरळ जाणारी, पूर्ण आवरणाची 'सॉलिड' गोळी निवडली जाई. एकच रायफल घेऊन निघालेल्या शिकाऱ्यापुढे खरा पेच रायफलीचा नव्हता. नळीत कोणती गोळी ठेवावी, हा होता.

दुसरा निकष शिकाऱ्याचा खांदा. बंदुकीच्या धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढताना अंग आखडते आणि नेम ढळतो. पोटात बसलेल्या मोठ्या गोळीपेक्षा हृदयात वा फुफ्फुसात बसलेली मध्यम गोळी जनावराला लवकर संपवते. पोटात गोळी लागलेला वाघ दाट झाडीत शिरला, की त्याच्यामागे पायी जावे लागे. अशा वेळी पुढे असत ते माग काढणारे स्थानिक लोक, आणि त्यांच्या हाती बहुधा कुऱ्हाडीपलीकडे काही नसे.

तिसरा निकष हवामान. या भागात वाघाची शिकार मुख्यतः उन्हाळ्यात होई, कारण पाणवठे आटले की वाघाचा ठावठिकाणा लागणे सोपे जाई. कॉर्डाइट मात्र उष्णतेने अधिक दाब निर्माण करते. इंग्लंडच्या थंडीत बेताचे ठरलेले काडतूस मे महिन्याच्या दुपारी नळीत घट्ट अडकून बसण्याचा संभव असे. म्हणूनच उष्ण प्रदेशांसाठी बेताच्या भरणीची काडतुसे वेगळी काढली जात.

हाताने भरणी

वापरलेले कवच पुन्हा भरण्याची पद्धत अमेरिकेत व आफ्रिकेत रूढ आहे. कवच तपासणे, जुनी टोपी काढणे, साच्यात दाबून कवच मूळ मापावर आणणे, नवी टोपी बसवणे, दारू तोलणे आणि गोळी ठरलेल्या खोलीवर बसवणे, असा तिचा क्रम असतो. खर्च वाचतो आणि कारखान्यांनी बंद केलेली मापेही वापरात राहतात.

मॅग्नममध्ये चुकीला जागा कमी. .३७५च्या कवचाला बुडाशी पट्टा असतो आणि त्या पट्ट्यावर काडतूस नळीत टेकते. वारंवार भरल्यास पट्ट्याच्या लगत वरचे पितळ ताणून पातळ होते आणि एखाद्या बाराला कवच तेथेच तुटते. दुनळी रायफलीचा प्रश्न निराळा. तिच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर जवळजवळ पडाव्यात, अशी जुळणी कारखान्यात एका विशिष्ट काडतुसावर केलेली असते. भरणी बदलली की गोळ्या फाकतात. म्हणून तेथे जोर वाढवण्यापेक्षा मूळ वेग गाठणे हेच कौशल्य ठरते.

अधिक भरणीचे धोके उघड आहेत. दाटीवाटीचे तितके नाहीत. १९५६ मध्ये आलेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमच्या आखूड कवचात दारू दाबून भरावी लागे. काही काडतुसांत ती कालांतराने गोळा झाली आणि नीट पेटेनाशी झाली. १९५९ मध्ये मोझांबिकात जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याला रानरेड्याने जबर जखमी केले. त्यानंतर अधिक लांब कवचाचे .४५८ लॉट हे काडतूस त्यांनी घडवले.

आजची स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. वाघासारख्या अनुसूचीतील प्राण्यापासून मानवी जिवाला धोका असल्यास केवळ मुख्य वन्यजीव रक्षकच लेखी आदेशाने अपवाद करू शकतात. काडतुसे बनवण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. घरी भरणी करणे हा छंद म्हणूनही मान्य नाही.

कान्हा १९३३ मध्ये अभयारण्य, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचा समावेश झाला. तोवर बरीच हानी होऊन गेली होती. शिकारीबरोबर इतर कारणांचीही भर पडून येथील बारशिंग्यांची संख्या १९७० मध्ये अवघ्या ६६ वर आली होती. संरक्षणानंतर ती पुन्हा शेकड्यांत गेली.

२०११ व २०१२ मध्ये याच कान्हातून ५० गवे बांधवगडला हलवण्यात आले, कारण तेथील गवे नामशेष झाले होते. गोव्याचा राज्यप्राणी असलेल्या या जनावरावर तेव्हाही बंदूक रोखली गेली. मात्र तीतून सुटली ती भुलीची सुई. जनावराच्या वजनाचा अंदाज घेऊन औषध ठरवायचे, अंतर पाहून सुईचा जोर ठरवायचा आणि नेम मांसल भागावर धरायचा. जोर कमी पडला तर सुई लागत नाही. अधिक झाला तर जनावराला इजा होते. तोलूनमापून भरण्याची शिस्त तीच राहिली. फरक इतकाच, की बार झाल्यावर काही वेळाने गवा उठून उभा राहतो.