पट्टा, गिरणी आणि रविवार

गवत कापायच्या यंत्राचा जन्म बागेत नाही, कापडाच्या गिरणीत झाला. इंग्लंडात स्ट्राउड नावाचं गाव आहे, लोकरीच्या कापडासाठी नावाजलेलं. तिथल्या गिरण्यांमध्ये कापडावर उभी राहिलेली लव एकसारखी कातरायचं एक यंत्र असायचं. फिरता रूळ आणि त्यावर पीळदार पाती. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने तेच तंत्र हिरवळीला लावलं आणि १८३० साली पेटंट घेतलं. (स्क्रूने लहानमोठा होणाऱ्या पान्याचं श्रेयही याच बडिंगला देतात. म्हणजे यंत्र त्याचं आणि ते खोलायचं हत्यारही त्याचंच. याला म्हणतात एंड-टू-एंड सोल्यूशन :) )

हा इतिहास खणायला मला भाग पाडलं ते कासार आंबोलीच्या एका जुन्या मोअरने. पिरंगुट सोडून पौडकडे जाताना हे गाव लागतं. तिथे मित्राच्या काकांची थोडी जमीन आहे. त्यांच्याकडे बसून चालवायचा एक अमेरिकन मोअर आहे, कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला. मुळशीचा पाऊस सुरू झाला की तिथलं गवत बघता बघता गुडघ्याला लागतं, आणि नेमका जूनमध्ये तो रुसला. बागेचं बघणारे दादा म्हणाले, "इंजिन चालतंय, पाती बी फिरत्यात, पर गाडी जागची हालत नाय." काकांनी तो भंगारात द्यायचं जवळपास ठरवलंच होतं.

आता आपल्यासारख्या डीबगिंगवर पोट भरणाऱ्या माणसाला दादांचं ते एक वाक्य म्हणजे अर्धं उत्तरच. या गाड्यांमध्ये इंजिनाच्या एकाच शाफ्टवर दोन पुली असतात. एकीवरून पट्टा पात्यांकडे जातो, दुसरीवरून मागच्या गिअरबॉक्सकडे. पाती जोरात फिरतायत म्हणजे इंजिन ठीक आहे. राहिला दुसरा पट्टा, त्याला ताण देणारी मधली छोटी पुली, आणि गिअरबॉक्स. मागच्या पुलीवर खडूने एक रेघ मारायची, गाडी गिअरमध्ये टाकायची आणि लांबून बघायचं. रेघ फिरतेय पण चाकं नाहीत, तर दुखणं पुलीच्या चावीत नाहीतर गिअरबॉक्समध्ये, म्हणजे खर्च मोठा. रेघ जागची हलत नाही, तर पट्टा घसरतोय.

रेघ हलली नाही. हुश्श!

हे लिहायचं खरं कारण मात्र पुढे आहे. इंजिन चालू असताना दादा वाकले आणि "ढिला झालाय का बघतो" म्हणत पट्ट्याकडे बोट नेलं. मी ओरडलोच. इंजिन बंद केलं, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवली, आणि मगच हात घातला. दादा हसले. गावातल्या पिठाच्या गिरणीत त्यांनी चालत्या पट्ट्याला राळ लावताना लोक बघितलेत, त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

तर, पट्टा. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी उभी करायला घेतली, आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव वसलं. तेव्हा प्रत्येक यंत्राला वेगळी मोटार नसायची. सगळ्या गिरणीला मिळून वाफेचं इंजिन, त्याची ताकद छताखालून जाणाऱ्या लांबलचक शाफ्टवर यायची आणि तिथून पट्ट्यांनी खालच्या यंत्रांवर उतरायची. एखादं यंत्र थांबवायचं तर इंजिन थांबवून कसं चालेल? म्हणून शेजारी शेजारी दोन पुली असत, एक शाफ्टला घट्ट बसवलेली आणि दुसरी त्यावर मोकळी फिरणारी. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की यंत्र उभं. मोअरचं क्लच पेडलही काही फार वेगळं करत नाही, ते मधल्या पुलीचा ताण काढतं आणि पट्टा पकड सोडतो.

गिरणीतले पट्टे बहुतेक सपाट असायचे. कापलेल्या कडा तिरक्या असलेला व्ही-पट्टा अमेरिकेत डेन्व्हरच्या गेट्स कंपनीने १९१७ मध्ये आणला. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो, त्यामुळे तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. पण झिजून खाचेच्या तळाला टेकला, की पाचर संपली आणि पकडही गेली. काकांच्या मोअरचा पट्टा नेमका असाच तळाला बसला होता, कडा काचेसारख्या गुळगुळीत. शिवाय मधल्या पुलीचा दांडा गंजून अडकला होता, त्यामुळे पेडल सोडलं तरी तो परत ताण देत नव्हता. नुसता पट्टा बदलून भागलं नसतं. दांडा सोडवला, घासला, ग्रीस भरलं. पट्टा नाना पेठेतून आणला, पण अंगावर कापडाचं आवरण असलेला. इथे पट्टाच क्लचचं काम करतो, सारखा घसरतो आणि पकडतो, उघड्या कडांचा पट्टा ते फार दिवस सोसत नाही.

मोअर चालला, काका खूश. माझ्या डोक्यातून मात्र ते बोट जाईना.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये असे हात किती गेले असतील? सपाट पट्टा दिसायला गरीब, पण धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही धरली की माणसालाच शाफ्टकडे ओढणारा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं. त्याच कायद्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी होती. म्हणजे सात पुरी झालेलं पोर चालत होतं, दिवसाला नऊ तास!

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणलं. ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलेले. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या त्या निवेदनातली एक मागणी आपल्याला माहीत असते, रविवारची सुट्टी. ती १८९० च्या जूनमध्ये मान्य झाली. (हा वीकेंड ब्लॉग त्यांच्याच कृपेने, असं म्हणायला हरकत नाही.) दुसरी एक मागणी फारशी कुणी सांगत नाही. कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. याला मात्र मालक लगेच तयार झाले नाहीत. लोखंडे १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेगात गेले. जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा १९२३ साली झाला आणि लागू झाला १ जुलै १९२४ पासून, त्या निवेदनानंतर चाळीस वर्षांनी.