मधुमेही पाऊल : व्रण आणि कोथ

जुन्या मधुमेहात पावलावर पडणारी, लवकर न भरणारी जखम म्हणजे मधुमेही व्रण. रक्तपुरवठा तुटून किंवा जंतुसंसर्ग पसरून तिथले ऊतक मरू लागले की त्याला कोथ (गँगरीन) म्हणतात. 'बोट काळं पडलंय' म्हणत रुग्ण येतो तेव्हा बहुधा मधले बरेच दिवस वाया गेलेले असतात.

वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पायाचे मज्जातंतू बिघडतात. संवेदना जाते, घाम आटून कातडी भेगाळते, लहान स्नायू दुबळे पडून बोटे वाकडी होतात. मग चालताना सारा भार चवड्याच्या एखाद्या हाडावर येतो. तिथे घट्टा धरतो, त्याच्याखाली रक्त साकळते आणि कधीतरी फरशीवर ओला डाग उमटतो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. गरम पाण्याने शेकताना पाय भाजला तरी कळत नाही. कुरूप समजून दुकानातून आणलेली पट्टी तर घातकच, कारण तिच्यातले सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही खाते.

संवेदना १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तपासतात. बोथट धातूची सळई जखमेतून थेट हाडाला टेकली, तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याचा दाट संशय घ्यावा. घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतात. मात्र मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत चुना साठल्याने हा आकडा फसवा, चांगला येऊ शकतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजतात.

उपचारात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जखमेवरचा भार काढणे. रोज ड्रेसिंग होते, अँटिबायोटिक चालू असते आणि रुग्ण त्याच पायावर बाजार करून येतो. संसर्ग नसलेल्या व्रणाला अँटिबायोटिक लागतही नाही. तळव्यावरच्या व्रणासाठी पायाला घट्ट बसणारे, काढता न येणारे प्लास्टर आजही उत्तम मानले जाते. भारत व श्रीलंकेत १९३०च्या दशकात ते कुष्ठरोग्यांसाठी वापरले गेले. वेल्लोरला कुष्ठरोग्यांचे हातपाय दुरुस्त करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी पुढे ते अमेरिकेतील कारव्हिलला नेले आणि तिथून ते मधुमेहींपर्यंत पोहोचले. रक्तपुरवठा फारच कमी असेल किंवा संसर्ग जोरात असेल तर मात्र हे प्लास्टर घालत नाहीत. घट्टा व मेलेले ऊतक कापून काढणे हे दुसरे आवश्यक काम. लंडनचे फ्रेडरिक ट्रेव्हज यांनी ते १८८४ सालीच सांगितले होते.

कोथ सुका की ओला, यावर घाई ठरते. सुक्यात बोट आक्रसून काळे पडते आणि जिवंत भागाशी त्याची रेघ आखली जाते. इथे आधी फुग्याने धमनी रुंद करून किंवा बायपास करून रक्त पोहोचवता येते का ते पाहावे, कापण्याचा विचार मग. रक्त न पोहोचता केलेली शस्त्रक्रिया भरत नाही आणि बोटावर निभावले असते तिथे पाय जातो. ओल्या कोथात सूज, पू, दुर्गंधी, ताप असतो. दाबल्यावर कातडीखाली वायूची करकर जाणवली तर जिवाला धोका. तिथे पू तातडीने मोकळा करावा लागतो, धमनीचे नंतर पाहता येते.

इन्शुलिन आल्यावर मधुमेही बेशुद्धीने मरणे कमी झाले, पण कोथाचे मृत्यू वाढले, असे बोस्टनच्या एलियट जॉस्लिन यांनी १९३४ साली नोंदवले. १९८९ च्या सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्यात युरोपीय देशांनी कोथामुळे होणारी अंगच्छेदने निम्म्यावर आणण्याचे ठरवले.

भरलेला व्रण सुमारे ४० टक्के रुग्णांत वर्षभरात पुन्हा उघडतो. म्हणून मऊ, सूक्ष्मरंध्री रबराची (एमसीआर) चप्पल घरातही घालावी लागते, आणि अनवाणी वावरायची सवय असलेल्या घरांत हीच गोष्ट गळी उतरवणे सर्वांत अवघड जाते.