टँपाच्या उपसागरातली विमाने आणि एक सोयीचा आरोप

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांविषयी लिहिणारे बहुतेक लेखक बी-26 मराउडरपाशी आले की एकच हकिकत सांगतात. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, टँपा शहराच्या दक्षिण टोकाला, तीन बाजूंनी पाणी असलेल्या भूशिरावर मॅकडिल फील्ड हा लष्करी विमानतळ होता. 1942मध्ये तिथे मराउडरच्या तुकड्या तयार होत होत्या आणि विमाने इतकी पडत होती की ‘टँपाच्या उपसागरात रोज एक’ असे लोक म्हणू लागले. विमानाला ‘विधवा करणारे’ आणि ‘उडती शवपेटी’ ही नावे पडली. त्यावरून निष्कर्ष असा काढला जातो की विमानाचा आराखडाच सदोष होता, पंख आखूड होते आणि कोवळ्या पोरांचे बळी या यंत्राने घेतले.

हा निष्कर्ष पुराव्यापुढे टिकत नाही. तरीही आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, कारण तो काही हवेतून आलेला नाही.

मार्टिन कंपनीने हे विमान घाईत बनवले, हे खरे आहे. सैन्याने 1939मध्ये कागदावरच्या आराखड्यावरूनच मागणी नोंदवली. प्रायोगिक नमुना बनलाच नाही. 25 नोव्हेंबर 1940 रोजी जे विमान पहिल्यांदा उडाले, ते थेट उत्पादनातले पहिले विमान होते. पंखांची लांबी 65 फूट आणि क्षेत्रफळ 602 चौरस फूट; पूर्ण भरलेल्या विमानाचे वजन 32 हजार पौंडांच्या आसपास. म्हणजे दर चौरस फुटावर 53 पौंडांचा भार, आणि त्या काळच्या बाँबफेकी विमानासाठी तो फारच जास्त होता. त्यामुळे उतरताना ताशी सुमारे 150 मैलांचा वेग राखावा लागे. सुरुवातीच्या विमानांत नाकाच्या चाकाचा दांडा मोडे. काही विमाने तोफा न बसवताच आली आणि त्यांचा तोल बिघडला. सेनेटर हॅरी ट्रूमन यांच्या चौकशी समितीपुढे ग्लेन मार्टिन यांना पंख वाढवत का नाही असे विचारले, तेव्हा आराखडे पुढे गेले आहेत आणि कंत्राट हातात आहे, असे उत्तर त्यांनी दिल्याचे ट्रूमन यांनी पुढे सांगितले. कंत्राट रद्द होईल असे बजावल्यावरच ते वळले. कारखानदाराची ही वृत्ती संतापजनक आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही.

पण एवढ्यावरून ‘यंत्र खुनी होते’ असे ठरत नाही.

आधी आकडा पाहू. एका महिन्यात मॅकडिलच्या परिसरात जास्तीत जास्त 15 विमाने पडल्याचे सांगितले जाते. म्हणजे सर्वांत वाईट काळातसुद्धा रोज एक नव्हे, दोन दिवसांना एक. हे प्रमाणही भयंकरच आहे, आणि त्या 15 विमानांतल्या माणसांच्या घरच्यांना या हिशेबाने काडीचाही दिलासा मिळणार नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने लोकांच्या तोंडच्या वाक्याला आकडेवारी समजू नये.

विमान किती धोक्याचे हे पडलेल्या विमानांच्या नुसत्या संख्येवरून कळत नाही. ती किती तास उडाली हे धरून दर काढावा लागतो. अमेरिकी लष्करी हवाई दलाने स्वतःच तो काढला होता. देशांतर्गत उड्डाणांत दर एक लाख तासांमागे युद्धकाळातले सरासरी अपघात असे: बी-17चे 30, बी-25चे 33, बी-24चे 35, मराउडरचे 55. म्हणजे भावंडांपेक्षा मराउडर वाईट, यात शंका नाही. पण त्याच तक्त्यात दोन इंजिनांच्या ए-20 या हलक्या बाँबरचा दर 131 आहे, पी-40चा 188 आणि पी-39चा 245. लढाऊ विमानांची तुलना बाँबरशी सरळ करता येत नाही, हे मान्य. ए-20ची मात्र करता येते, आणि त्याला कुणी शवपेटी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मराउडरच्याच वाट्याला ही बदनामी का आली? मला वाटते, त्याचे एक कारण माणसांच्या संख्येत आहे. लढाऊ विमान पडले की एक घर उजाड होई. मराउडर पडले की सहा-सात घरे, आणि तीही एका गजबजलेल्या शहराच्या डोळ्यांदेखत.

आता आखूड पंखांचा मुद्दा. या वादातला सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत कच्चा मुद्दा हाच आहे. बी-25च्या पंखांचे क्षेत्रफळ 610 चौरस फूट होते, म्हणजे मराउडरपेक्षा अवघे आठ चौरस फूट जास्त. तरी बी-25 हे भरवशाचे विमान म्हणून नावाजले गेले. फरक वजनाचा आणि वेगाचा होता. समितीच्या दट्ट्यानंतर मराउडरचे पंख 71 फुटांचे झाले, क्षेत्रफळ 658वर गेले. इथे आक्षेपक म्हणतो, पंख वाढवले आणि अपघात घटले. आणखी काय पुरावा हवा? पण त्याच काळात तोफा, चिलखत आणि इतर सामान चढत गेले व भरलेल्या विमानाचे वजन 37 हजार पौंडांवर पोहोचले. भागाकार करून पाहावा: दर चौरस फुटाचा भार 56 पौंडांच्या वर जातो. ज्या दोषाने माणसे मेली असे सांगतात, तो दोष मोठ्या पंखांनंतर वाढला आणि अपघात मात्र पहिल्या वर्षाच्या मानाने कितीतरी उतरले. कारण पंखांत असते तर असे घडले नसते.

मग कारण कुठे होते? ते धावपट्टीवर आणि हँगरमध्ये होते. 1939च्या सुमारास अमेरिकी हवाई दलात वीसेक हजार माणसे होती. 1944मध्ये 24 लाखांच्या घरात. एवढ्या थोड्या काळात कितीही पैसा ओतला तरी अनुभवी वैमानिक आणि अनुभवी मेकॅनिक तयार होत नाहीत. मॅकडिलला येणारा तरुण हळू उतरणाऱ्या सराव विमानांवर हात बसवून आलेला असे. दोन इंजिनांचे जड विमान अनेकांनी कधी हाकलेलेच नसे. असा मुलगा उतरताना घाबरून वेग कमी करी, कारण हळू म्हणजे सुरक्षित असेच तो शिकलेला होता. मराउडरमध्ये तो वेग मोडला की विमान हवेतून निसटे. उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद पडले तर काय करायचे, हे सांगणारा शिक्षकही बहुधा त्याच्याइतकाच नवखा असे.

जमिनीवरचा दोष याहून साधा आणि म्हणून जास्त चटका लावणारा आहे. मराउडरच्या पंख्याच्या पात्यांचा कोन विजेवर बदलत असे. विमान उभे असताना बाहेरच्या विद्युतसंचाचा आधार घ्यायचा, असा नियम होता. नवखे मेकॅनिक तपासणीसाठी विमानाचीच बॅटरी वापरत. बॅटरी उतरलेले विमान धावपट्टीवरून उठे, पात्यांचा कोन ताब्यात राहत नसे, पंखा बेफाम फिरू लागे आणि ऐन चढणीला त्या बाजूची ताकद जाई. पुढचे काही सेकंद अननुभवी माणसाच्या हाती असत. यात आराखडा करणाऱ्याचा वाटा आहे, कारण नाजूक यंत्रणा त्याने निवडली. पण त्या मेकॅनिकला पुरेसे न शिकवता विमानाखाली उभे करणाऱ्यांचा वाटा त्याहून मोठा आहे.

याचा प्रत्यक्ष प्रयोगही झाला. हवाई दलप्रमुख हॅप अर्नोल्ड यांनी 1942च्या सुरुवातीला जिमी डूलिटल यांना हे विमान पारखायला सांगितले. डूलिटल यांनी सहवैमानिक न घेता उड्डाण केले, उठतानाच एक इंजिन बंद केले, बंद इंजिनाच्या बाजूला तीव्र वळण घेतले (असे वळण म्हणजे मरण, अशी तरुण वैमानिकांची पक्की समजूत होती) आणि तसेच उतरून दाखवले. मग दुसरे इंजिन बंद करून तेच केले. पुढे व्हिन्सेंट बर्नेट या वैमानिकाने तळोतळी जाऊन अशीच प्रात्यक्षिके दिली. यंत्र तेच, पंख तेच. शिकवणे बदलले. नंतर महिला वैमानिकांच्या ‘वास्प’ दलातल्या स्त्रियांनाही कॅन्ससच्या डॉज सिटी तळावर मराउडर शिकवण्यात आले आणि तोफांच्या सरावासाठी लक्ष्य ओढण्याचे काम त्यांनी याच विमानाने केले.

322वा बाँबर गट तर मॅकडिललाच जुलै 1942मध्ये उभा राहिला. त्याच्याबाबत यंत्राला दोष देण्याची चूक पुन्हा झाली. 17 मे 1943 रोजी इंग्लंडमधून हॉलंडच्या आयमाउडनवर, समुद्राला जवळजवळ चिकटून, त्याची 11 विमाने पाठवली गेली. एक परत फिरले. उरलेली दहाच्या दहा नष्ट झाली. पुन्हा विमानावर बोट रोखले गेले. पण जड बाँबरला जमिनीलगत तोफांच्या तोंडी पाठवण्याचा निर्णय विमानाने घेतलेला नव्हता. उड्डाणे दहा-बारा हजार फुटांवर नेली आणि युरोपातल्या मराउडरची हानी दर शंभर फेऱ्यांना अर्ध्या विमानाहूनही खाली आली. याच गटातले ‘फ्लॅक-बेट’ दोनशेहून अधिक मोहिमा करून परतले.

यंत्राला खुनी ठरवले की माणसे सुटतात, म्हणून हा वाद मला महत्त्वाचा वाटतो. कुणी किती तासांचे शिक्षण देऊन मुलाला विमानात बसवले, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही. ‘उडती शवपेटी’ हे शब्द आपणही मिग-21साठी वर्षानुवर्षे वापरले. वेगवान विमानाकडे नेणारे प्रगत सराव विमान हवे, ही शिफारस 1982मध्ये झाली होती. हॉक विमानांचा करार झाला 2004मध्ये. या 22 वर्षांचा जाब कुणाला विचारायचा, हे त्या दोन शब्दांत कुठेच येत नाही.

मॅकडिल या तळाला ज्या कर्नल लेस्ली मॅकडिल यांचे नाव आहे, तेही 1938मध्ये विमान अपघातातच गेले. युद्धकाळात अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीवर, शत्रूची एकही गोळी न लागता, सुमारे 15 हजार वायुसैनिक मृत्युमुखी पडले. त्यांतले थोडेच मराउडरमध्ये होते. विमानइतिहास लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: टँपाची म्हण छापाच, पण तिच्याशेजारी दर लाख तासांचा तक्ता छापा, आणि वैमानिक किती तास शिकलेला होता तेही लिहा.