पिल्लू खात नाही? आधी थर्मामीटर बघा

जर्मनीत पोस्टडॉक करणाऱ्या एका मित्राचा मध्यंतरी फोन आला. त्याने कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलंय, जेमतेम पेन्सिलीएवढं जाड. चार दिवस झाले तरी काही खात नाही. "तोंड उघडून भरवू का?" मी म्हटलं, थांब. पेटीत तापमान किती आहे? ते त्याने मोजलंच नव्हतं.

खाण्याचा प्रश्न आधी तापमानाचा का असतो, हे समजायला थोडं मागे जाऊ.

लामार-पिको नावाचा फ्रेंच प्रवासी भारतातून परतला आणि सांगू लागला, की अजगराची मादी कोंबडीसारखी अंडी उबवते. १८३२ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीला हे काही पटलं नाही. साप थंड रक्ताचा, तो ऊब आणणार कुठून? मग १८४१मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगराच्या मादीने अंडी घालून त्यांना वेटोळं घातलं. प्राणिशास्त्रज्ञ वालांसिएन यांनी तिथे थर्मामीटर लावून पाहिला, तर आजूबाजूच्या हवेपेक्षा वेटोळ्यात चक्क जास्त ऊब! प्रवासी खरं बोलत होता. पण ही ऊब येते कशी, हे नीट मोजलं गेलं ते १९६६मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात. हवा थंड झाली की मादी स्नायूंना झटके देते आणि त्यातून उष्णता तयार होते.

आता गंमत बघा. ही सोय मोजक्याच सापांकडे आहे. कॉर्न स्नेकला ऊब बाहेरूनच घ्यावी लागते, आणि त्याचं पचन पूर्णपणे त्या उबेवर चालतं. थंडीत पाचक रस सुटणं मंदावतं, गिळलेला उंदीर पोटातच सडू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणजे गार पेटीतलं पिल्लू खात नाही, यात त्याचं चुकत नसतं. जबरदस्तीने भरवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं.

सांभाळणाऱ्यांना हे कळायला वेळ लागला. लंडन झूचं पहिलं सर्पगृह १८४९चं. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उबेचा आणि उजेडाचा बारकाईने विचार करून बांधलेलं घर तिथे १९२७मध्ये उभं राहिलं, जोन प्रॉक्टर या संशोधिकेच्या आराखड्यावर. पुढे अमेरिकेत बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञाने रंगाची आनुवंशिकता तपासायला कॉर्न स्नेकची पैदास केली. १९६०च्या दशकात त्यातून पांढरट-केशरी पिल्लं निघाली. असे रंग लोकांना आवडले आणि रानातून पकडण्याऐवजी घरी जन्मलेले साप पाळायची वाट रुंदावली.

मित्राला मी सांगितलं ते एवढंच. पेटीचं एक टोक २८ ते ३० अंश ठेव आणि दुसरं गार, म्हणजे हवं तिथे ते स्वतः जाईल. लपायला जागा आणि प्यायला पाणी दे. नवीन घरात आठवडाभर हात लावू नकोस. मग गोठवलेलं, पूर्ण वितळवून कोमट केलेलं, केस न आलेलं उंदराचं पिल्लू दे. ते सापाच्या अंगापेक्षा फार जाड नको. असं साधारण पाच ते सात दिवसांनी एकदा. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही. आणि ऊब ठीक असूनही ओकलं किंवा बारीक होत गेलं, तर सरळ पशुवैद्याकडे.

एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांसाठी. भारतातले रानटी साप घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरात धामणीचं पिल्लू सापडलं तर त्याला बरणीत घालून काही भरवू नका, आणि दूध तर नकोच. वन विभागाला किंवा सर्पमित्राला बोलवा.

मित्राने मग तापमान मोजलं. पेटी खिडकीशी होती, २० अंश. ती हलवली, खाली हीटिंग मॅट आणि थर्मोस्टॅट लावला. नवव्या दिवशी मेसेज आला, "खाल्लं!" पिल्लाला भूक होतीच, ऊब तेवढी नव्हती.