बाह्यरुग्ण स्त्रीरोगोपचारांतील वेदना

रुग्णालयात दाखल न होता आणि बहुधा संपूर्ण भूल न घेता स्त्रीवर केल्या जाणाऱ्या तांबी बसविणे, गर्भाशयाच्या अंतःस्तराचा तुकडा तपासणीस घेणे, दुर्बिणीने गर्भाशयदर्शन करणे यांसारख्या प्रक्रियांत होणारी वेदना. एकाच प्रक्रियेत एकीला पाळीच्या कळेइतके, तर दुसरीला असह्य दुखते. या तफावतीची कारणे बरीचशी ज्ञात असल्यामुळे तिची आगाऊ तजवीज न करणे ही हयगयच होय.

गर्भाशयमुखाच्या संवेदना मुख्यत्वे दुसऱ्या ते चौथ्या त्रिक-तंत्रिकांतून, तर गर्भाशयाच्या माथ्याच्या संवेदना दहाव्या वक्षीय ते पहिल्या कटि-तंत्रिकेच्या वाटेने मेरुरज्जूकडे जातात. म्हणून मुखाभोवती लिडोकेनची सुई देऊन ते बधिर केले आणि मुख धरणारा चिमटा लागल्याचे स्त्रीला कळलेही नाही, तरी गर्भाशयाची खोली मोजणारी सळई माथ्याला टेकताच ओटीपोटातून कळ उठू शकते. मुख ताणले गेल्यास कधी नाडी मंदावून घाम सुटतो व घेरी येते.

जिची योनिमार्गे प्रसूती झालेली नाही (केवळ सिझेरियन झालेलीही हिच्यातच आली), ऋतुनिवृत्तीनंतर जिचे गर्भाशयमुख आकसले आहे, जिला पाळीत तीव्र वेदना होतात, अशा स्त्रीला अधिक दुखण्याचा संभव असतो. पूर्वीच्या तपासणीचा वा अत्याचाराचा आघात आणि ताटकळत वाढलेली धास्ती यांनीही वेदना बळावते. वैद्याचा अंदाज येथे भरवशाचा नाही, कारण स्त्री स्वतः सांगते त्यापेक्षा तो पुष्कळदा कमीच भरतो; तेव्हा शून्य ते १० या श्रेणीवर तिने दिलेला आकडाच दप्तरी नोंदवावा आणि ती ‘थांबा’ म्हणताच हात थांबावा.

पँटालिओनी या वैद्याने १८६९ मध्येच दुर्बिणीने गर्भाशयदर्शन केले होते. परंतु योनिविस्फारक व चिमटा टाळून बारीक दुर्बीण थेट आत नेण्याची पद्धत इटलीतील स्तेफानो बेत्तोकी यांनी १९९७ मध्ये मांडली. तिने, तसेच ३.५ मिलिमीटरांहून कमी जाडीच्या नळीने व द्रवाचा दाब बेताचा ठेवल्याने त्रास घटतो. मिसोप्रोस्टॉल या औषधाने मुख मऊ होत असले तरी पेटके येतात. तांबी बसविताना ते सरसकट देऊ नये, मात्र लिडोकेन उपयोगी पडू शकते आणि वेदनेविषयी स्त्रीशी आधीच बोलावे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये सुचविले.